शाळेतील मुलांमध्ये वीजबचतीची जाण टिकेल अशी कशी रुजवावी?

खटावची शिक्षिका (प्रश्न):

नमस्कार. मी सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेत पाचवी ते आठवीच्या वर्गांना गणित आणि विज्ञान शिकवते. दरवर्षी १४ डिसेंबरला, म्हणजे राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिनाला, आमच्याकडे प्रभातफेरी निघते, फलक रंगवले जातात आणि ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या चित्रकला स्पर्धेसाठी काही मुले मनापासून सुंदर चित्रेही काढतात. या उपक्रमांबद्दल माझी तक्रार नाही. परंतु त्यानंतरच्या आठवड्यात मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गांतील पंखे पूर्वीसारखेच फिरत राहतात, आणि मुलांना ‘वीज वाचवा’ हे पाठ झाले असले तरी वीज म्हणजे नेमकी किती, ती कोठून येते आणि ती वाचल्याने काय घडते, याचे कोणतेही चित्र त्यांच्या मनात उमटलेले नाही, असे मला सतत जाणवते.

या वर्षी हे काम माझ्याकडे आहे आणि ते एका दिवसापुरते राहू नये, अशी माझी इच्छा आहे. शाळेकडे नवीन उपकरणे घेण्यासाठी पैसे नाहीत. त्यातच सातवीतील एका मुलीने मला विचारले, “बाई, आपल्या डोंगरावर पवनचक्क्या आहेत, आपल्या जिल्ह्यात कोयना आहे, मग आपण वीज का वाचवायची?” प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याला ‘राष्ट्रीय संपत्ती’ असे ठरावीक उत्तर देणे मला पटत नाही. दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. माझ्या वर्गातील अनेक मुलांच्या घरी दोन दिवे, एक पंखा आणि फार तर एक टीव्ही एवढाच वापर आहे. ज्या घरात वीज मुळातच कमी वापरली जाते, त्या घरातील मुलाला आणखी कमी वापर असे सांगताना माझी जीभ अडखळते. या मुलांना कोणत्या वयात काय द्यावे आणि कोणत्या भाषेत द्यावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

निवृत्त वीज अभियंता:

ताई, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न मला फार आवडला, म्हणून आधी त्याकडे वळतो.

पवनचक्की गावाच्या माथ्यावर असली तरी तिची वीज थेट गावात उतरत नाही. ती राज्याच्या आणि देशाच्या एकत्रित जाळ्यात जाते, आणि आपल्या घरी येते ती त्या जाळ्यातील सरमिसळ वीज असते. आपल्याकडचा बहुतांश जोरदार वारा पावसाळ्याच्या चार महिन्यांत वाहतो. सौर वीज दुपारी मुबलक असते, पण दिवस मावळला की ती शून्यावर येते. विजेची मागणी मात्र नेमकी संध्याकाळी, घरोघरी दिवे, पंखे आणि टीव्ही सुरू होतात तेव्हा चढते. त्या वेळी ज्यांच्यावर भिस्त असते ती केंद्रे दोन प्रकारची आहेत. एक म्हणजे चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या केंद्रासारखी कोळशावरची औष्णिक केंद्रे, आणि दुसरे म्हणजे १,९६० मेगावॅटची आपली कोयना, जिची यंत्रे काही मिनिटांत सुरू करता येतात.

कोयनेबद्दल तर साताऱ्याच्या मुलांना सविस्तर सांगितले पाहिजे. धरणाची साठवण सुमारे १०५ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे. परंतु कृष्णा पाणी तंटा लवादाच्या निवाड्यानुसार वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. पश्चिमेला पोफळीच्या वीजगृहाकडे उतरलेले पाणी वाशिष्ठी नदीतून चिपळूणमार्गे समुद्राला मिळते. पूर्वेकडे सोडलेले पाणी मात्र कराडला कृष्णेत येते, आणि पुढे टेंभूसारख्या उपसा योजना ते दुष्काळी भागाकडे उचलून नेतात. म्हणजे कोयनेची वीज मोजूनमापून वापरायच्या पाण्यातून येते, आणि तेच पाणी शेतीलाही हवे असते. खटाव-माणच्या मुलांना पाण्याची किंमत कोणी शिकवावी लागत नाही. वीज आणि पाणी यांची ही गाठ दाखवली की त्या मुलीला तिचे उत्तर मिळेल.

आता उपक्रमाविषयी. माझ्या मते सुरुवात मीटरपासून करावी, कारण मुलांनी स्वतः मोजलेला आकडा त्यांच्या लक्षात राहतो. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा लुकलुकत असतो, आणि मीटरच्या दर्शनी पट्टीवर एका युनिटला (म्हणजे एक किलोवॅटचा भार तासभर चालला की लागणाऱ्या विजेला) तो किती वेळा लुकलुकतो हे छापलेले असते. समजा तो आकडा ३२०० आहे आणि मुलांनी घड्याळ लावून एका मिनिटात १६ लुकलुकी मोजल्या. मग १६ गुणिले ६०, भागिले ३२००, म्हणजे ०.३ किलोवॅट किंवा ३०० वॅट एवढा भार त्या क्षणी शाळेत सुरू आहे. साधा छताचा पंखा ७५ वॅटच्या आसपास असतो, तेव्हा हा चार पंख्यांचा भार झाला. एका मुलाने आत जाऊन एक पंखा बंद करावा आणि बाहेरच्या मुलांनी पुन्हा मोजावे. लुकलुकी १२ वर आलेली पाहिली की वॅट आणि युनिट यांतील फरक त्यांना कळतो, आणि तो माझ्या अनुभवात पुष्कळ मोठ्या माणसांनाही नीट कळलेला नसतो.

त्यानंतर एका वर्गाचा हिशेब मांडू द्या. चार पंखे आणि २० वॅटच्या दोन एलईडी नळ्या मिळून ३४० वॅट होतात. परिपाठ, मधली सुट्टी आणि खेळाचा तास धरून वर्ग रोज दीड तास रिकामा राहत असेल, तर एका वर्गात रोज सुमारे अर्धा युनिट वाया जातो. आठ वर्ग आणि २२० दिवस धरले तर वर्षाला जवळजवळ ९०० युनिट होतात. कोळशावरच्या केंद्रात एक युनिट तयार होताना साधारण सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो. मुलांना तेवढ्या वजनाचे दगड तराजूवर तोलून हातात घेऊ द्या आणि मग ९०० ने गुणायला सांगा.

माध्यमिक विज्ञान शिक्षक:

वरील प्रतिसाद उत्तम आहे. त्यात एका गोष्टीची भर घालावीशी वाटते, कारण शाळांमधील वीजबचत बहुतेक वेळा दिव्याच्या बटणापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. दिवा डोळ्यांना दिसतो, म्हणून मुलांना तोच सर्वांत मोठा खर्च वाटतो. प्रत्यक्षात उष्णता निर्माण करणे हे सर्वांत खर्चिक काम आहे.

आठवीच्या मुलांना हे गणिताने दाखवता येते. अंघोळीच्या २० लिटर पाण्याचे तापमान २५ अंशांनी वाढवायला २० गुणिले ४.२ गुणिले २५, म्हणजे २,१०० किलोज्यूल उष्णता लागते. एक युनिट म्हणजे ३,६०० किलोज्यूल, म्हणून ही एक बादली सुमारे ०.५८ युनिटची झाली. तेवढ्याच विजेवर ९ वॅटचा एलईडी दिवा ६४ तास जळतो. माझ्या विद्यार्थ्यांना हे उत्तर चुकले आहे असेच वाटते आणि ते पुन्हा आकडेमोड करून पाहतात. ज्या घरी पाणी बंबावर किंवा चुलीवर तापते, तेथे हाच हिशेब लाकडांचा होतो, आणि ते लाकूड बहुधा आई किंवा बहीण गोळा करून आणत असते, हेही मुलांना आवर्जून सांगावे. विजेचा रॉड हाताळण्याचा प्रयोग मात्र वर्गात मुळीच करू नये.

आपल्या शाळेत रोज पोषण आहार शिजतो, ती तर चालती प्रयोगशाळा आहे. मटकी, चवळी, हरभरा रात्रभर भिजवलेला असेल तर किती वेळ लागतो आणि नसेल तर किती, झाकण ठेवल्याने किती फरक पडतो, हे सहावीची मुले सुरक्षित अंतरावर उभी राहून घड्याळाने टिपू शकतात. उकळी फुटल्यानंतर आच मोठी ठेवली तरी पाण्याचे तापमान वाढत नाही, फक्त वाफ अधिक होते. हे थर्मामीटर लावून दाखवले तर उत्कलनबिंदूचा पाठ आणि गॅसची बचत एकाच वेळी समजते. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना या पाठात सन्मानाने बोलवावे. त्यांना यातले बरेचसे अनुभवाने ठाऊक असते, आणि मुलांसमोर ते सांगण्याची संधी त्यांना सहसा कोणी देत नाही.

वयाबद्दल म्हणाल तर पाचवीच्या मुलांकडून केवळ निरीक्षण अपेक्षावे: कोणत्या खोलीत दिवसा दिवा लागतो, कोणती खिडकी कपाटामुळे बंद राहते, कोणत्या नळीवर धूळ साचली आहे. सहावीला उपकरणावरचे तारांकनाचे लेबल वाचायला द्यावे. त्यावर वर्षाचा अंदाजे वापर युनिटमध्ये दिलेला असतो आणि ते तारांकन कोणत्या काळासाठी वैध आहे तेही छापलेले असते. निकष ठरावीक काळाने कडक होत असल्यामुळे जुने पाच तारे आणि नवे पाच तारे सारखे नसतात, ही बाब मुलांनी घरी सांगितली तर खरेदीच्या वेळी खरोखर उपयोगी पडते. जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही तारांकन सक्तीचे झाले आहे. सातवी-आठवीत हिशेब आणावा. दहावीच्या विज्ञानात ‘हरित ऊर्जेच्या दिशेने’ हे प्रकरण येते, तेव्हा ही तयारी असलेली मुले ते पाठ न करता समजून वाचतात.

शेतकरी पालक, शाळा व्यवस्थापन समिती सदस्य:

बाई, मी शिक्षक नाही, पण आमच्या गावच्या शाळेच्या समितीवर आहे. आपण गरीब घरांबद्दल जे लिहिले आहे त्यावर कोणी अजून बोलले नाही, म्हणून लिहितो.

दोन दिव्यांच्या घरातील मुलाला ‘वापर कमी कर’ असे कधीही सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अभ्यासाला उजेड लागतो आणि एप्रिल-मेच्या उकाड्यात पंखाही लागतो. ती उधळपट्टी नव्हे. त्या मुलाला सांगण्यासारखी गोष्ट वेगळी आहे: त्याच उजेडासाठी जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब असेल तर तो काढून ९ वॅटचा एलईडी लावला की बिल उतरते आणि उजेड तेवढाच राहतो. त्याच्या घरी बचत करायला काही उरलेले नसेल, तर तसे त्याला सांगावे आणि त्याच्या घराचा हिशेब वर्गात चांगला नमुना म्हणून मांडावा. कमी युनिटचे बिल आणणाऱ्या मुलाला लाज वाटण्याऐवजी अभिमान वाटला, तर आपला उपक्रम योग्य वाटेवर आहे असे मी समजेन. मात्र बिले वर्गात आणायला सांगताना नाव आणि थकबाकीचा भाग झाकून घ्यावा. काही घरांत थकबाकी असते आणि मुले त्यावरून एकमेकांना बोलतात.

दुसरे, शेतकऱ्यांच्या मुलांसमोर बिलाचा मुद्दा चालत नाही. एप्रिल २०२४ पासून राज्यात साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांची वीज मोफत आहे, त्यामुळे ‘पैसे वाचतील’ हे त्यांच्या घरी कोणाला पटणार नाही. पण पाच एचपीची मोटर तासाला चार युनिटच्या आसपास वीज घेते, आणि मोटर जुनी किंवा जळाल्यावर पुन्हा तार भरलेली असेल तर त्याहून जास्त. पाणी सरीबाहेर वाहून जात असताना तासभर मोटर चालू राहिली, तर तेवढ्या विजेवर ९ वॅटचा दिवा रोज चार तास लावून तीन महिन्यांहून अधिक काळ घर उजळले असते. विहिरीचे पाणी गेले ते वेगळेच.

डीपी, म्हणजे शिवारातला ट्रान्सफॉर्मर, जळण्याचा त्रास तर प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. ऐन पिकाच्या वेळी डीपी जळाली की ती बदलून येईपर्यंत पाणी नाही. रात्री लाईट येते म्हणून सगळ्यांनी मोटरला ती आपोआप सुरू करणारे ऑटोस्विच लावलेले असतात, आणि लाईट येताच एकाच क्षणी सगळ्या मोटरी सुरू होऊन डीपीवर भार पडतो. ऑटोस्विच काढून पाळीपाळीने मोटरी सुरू करणे, मोटरने ओढलेला जादा प्रवाह कमी करणारा कपॅसिटर बसवणे, या गोष्टी मुलांच्या तोंडून घरी पोहोचल्या तर शेजारीपाजारी त्यावर बोलणे होते.

एक विनंती मात्र आहे. मुलांना घरात पहारेकरी करू नका. आजोबा टीव्ही लावून झोपले म्हणून नातवाने त्यांना टोकणे हे बरे दिसत नाही, आणि त्याने घरातले वातावरण बिघडते. मुलाने स्वतःचे बटण स्वतः बंद करावे आणि कोणी विचारले तर कारण सांगावे, एवढे पुरेसे आहे.

हॅम्बुर्गची मराठी पालक:

मी गेली काही वर्षे जर्मनीत हॅम्बुर्ग येथे राहते आणि माझी मुले इथल्या शाळेत शिकतात. इथे नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून ‘फिफ्टी-फिफ्टी’ नावाची पद्धत रूढ झाली, जी पुढे युरोपातील इतर शहरांनीही घेतली. कल्पना अशी की शाळेने केवळ सवयी बदलून वीज, पाणी आणि गरम ठेवण्याचा खर्च जितका वाचवला, त्याची अर्धी रक्कम शहर स्वतःकडे ठेवते आणि अर्धी शाळेला देते. मुलांचे ऊर्जापथक वर्गावर्गांत थर्मामीटर घेऊन फिरते. इथे मुख्य खर्च खोल्या गरम ठेवण्याचा असतो, म्हणून खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्याऐवजी काही मिनिटे पूर्ण उघडून हवा बदलावी आणि मग बंद करावी, हे पहिलीतली मुलेही जाणतात.

आपल्याकडच्या शाळांची गरज वेगळी आहे आणि ही पद्धत जशीच्या तशी उचलता येणार नाही, हे मला मान्य आहे. परंतु त्यातील एक तत्त्व मला महत्त्वाचे वाटते: जे वाचवले त्याचा काही भाग वाचवणाऱ्याच्या हाती दिसला पाहिजे. ग्रामपंचायत किंवा शाळा व्यवस्थापन समिती असा ठराव करू शकेल का, की बिलात जी घट होईल तिच्या अर्ध्या रकमेची वाचनालयाची पुस्तके मुलांनी स्वतः निवडावीत?

निवृत्त वीज अभियंता:

ताई, कल्पना चांगली आहे, पण बिलाच्या रकमेवर ती आधारू नये, असे मी सुचवेन. बिलात वीज आकाराखेरीज स्थिर आकार असतो, जो वापर घटला तरी कमी होत नाही. वहन आकार आणि इंधन समायोजन आकार असतो, आणि दर बदलले की युनिट कमी होऊनही रक्कम वाढू शकते. मुलांनी मेहनत केली आणि बिल वाढलेले आले, तर त्यांचा विश्वास उडेल. म्हणून तुलना युनिटची करावी, आणि तीही मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी. मार्चची तुलना डिसेंबरशी केली तर पंख्यांमुळे बचत कधी दिसणारच नाही. त्या महिन्यात शाळा किती दिवस भरली हेही बाजूला लिहून दर दिवसाचे सरासरी युनिट काढावे; सातवीच्या मुलांना सरासरीचे याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

खटावची शिक्षिका:

सर्वांचे मनःपूर्वक आभार. पालकबंधूंनी गरीब घरांविषयी जे लिहिले, ते वाचून माझ्या मनावरचे मोठे ओझे उतरले. कमी वापराचे घर हा नमुना म्हणून मांडावा, हे मी नक्की करणार आहे, आणि बिलावरील नाव झाकण्याची सूचनाही पाळणार आहे.

आमच्या शाळेचे वीजबिल समग्र शिक्षाच्या संयुक्त शाळा अनुदानातून भरले जाते. ३१ ते १०० पटाच्या शाळेला या अनुदानाचे वर्षाला २५ हजार रुपये ठरलेले आहेत आणि त्यातच स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, खडू-फळा असे सगळे भागवावे लागते. म्हणजे बिल कमी झाले तर पैसे शाळेतच राहतात. हॅम्बुर्गच्या ताईंच्या सूचनेनुसार त्यातून पुस्तके घेण्याचा विषय मी समितीच्या पुढच्या बैठकीत मांडेन, आणि अभियंता साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मोजमाप युनिटमध्येच ठेवेन.

आमच्याकडे बालमंत्रिमंडळ आहे. त्यात स्वच्छतामंत्री, आरोग्यमंत्री आहेत, आता ऊर्जामंत्री हे पद जोडावे असे मुलांनीच सुचवले आहे. मी फक्त एक अट घातली आहे की हे पद दर महिन्याला बदलेल, म्हणजे मीटर वाचणे प्रत्येकाला येईल. एक व्यावहारिक शंका उरते. आमचा मीटर व्हरांड्याच्या भिंतीवर बराच उंच, कुलूपबंद पेटीत आहे. पेटीला काचेची खिडकी आहे, पण पाचवीच्या मुलांना ती दिसत नाही. स्टुलावर उभे राहून वाचू द्यावे का?

निवृत्त वीज अभियंता:

स्टूल अजिबात नको, आणि पेटीला हातही लावू नये. आपण स्वतः खाली उभे राहून मोबाईलने मिनिटभराचे चित्रीकरण करावे, कॅमेरा काचेच्या खिडकीवर रोखून जवळ आणावा, आणि ते चित्रीकरण वर्गात दाखवून मुलांना लुकलुकी मोजू द्याव्यात. पुन्हापुन्हा पाहता येत असल्याने मोजणीही अचूक होते. युनिटच्या आकड्यासाठी रोज ठरावीक वेळी, परिपाठाच्या आधी, एक छायाचित्र पुरे. पावसात भिंत ओली असेल त्या दिवशी तिकडे फिरकूच नये आणि वहीत त्या दिवसाची जागा रिकामी सोडावी. काच धुरकट झाली असेल किंवा पेटी सैल वाटत असेल तर गावच्या वायरमनला सांगून ती नीट करून घ्यावी. तो आला की पाच मिनिटे वर्गात बोलवून मुलांना त्याला प्रश्न विचारू द्यावेत.